वरच्या दोन रक्तवाहिन्या पाहिल्या का, एवढं विचारा

ज्यांच्या घरात आज कुणाला चौथा-पाचवा महिना चालू आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. नवरा, आई, सासू, जाऊ, आशाताई, जे कुणी तिच्यासोबत सोनोग्राफीला जाणार असेल त्याने हे वाचावं आणि तिलाही वाचून दाखवावं. मागणी साधी आहे. अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात जी मोठी सोनोग्राफी होते, जिला डॉक्टर ‘अनॉमली स्कॅन’ म्हणतात, ती चुकवू नका. शक्यतो विसाव्या आठवड्याच्या आत उरका. आणि त्या वेळी डॉक्टरांना एक प्रश्न विचारा: “बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्या नीट दिसल्या का? त्या एकमेकींना छेदून जातात ना?”

मी नवजात बाळांचा डॉक्टर आहे. जन्मतः हृदयाचे आणि मोठ्या रक्तवाहिन्यांचे दोष असलेली बाळं माझ्यासमोर येतात तेव्हा बहुतेक वेळा घड्याळ आमच्या विरोधात धावत असतं. त्यातला एक दोष असा आहे की तो आधी कळला तर बाळ वाचतं, शाळेत जातं, पोरांबरोबर धावतं. आणि आधी कळला नाही तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच हातचं जाऊ शकतं. या दोषाचं नाव ‘ट्रान्सपोझिशन ऑफ द ग्रेट आर्टरीज’. डॉक्टर मंडळी त्याला ‘टीजीए’ म्हणतात. हृदयातून निघणाऱ्या दोन मुख्य धमन्यांची जागा अदलाबदल झालेली असते.

तो दुर्मीळ आहे. दहा हजार जन्मांमागे दोन ते तीन बाळांत आढळतो. ‘दुर्मीळ’ म्हटलं की माणूस निर्धास्त होतो, म्हणून हिशोब मांडून पाहू. महाराष्ट्रात वर्षाला अठरा-एकोणीस लाखांच्या घरात बाळं जन्माला येतात. म्हणजे अशी चारशे-पाचशे बाळं दर वर्षी एकट्या आपल्या राज्यात, रोज एखादं तरी. त्यांच्या आयांना बहुतेकदा मधुमेह नसतो, घराण्यात कुणाला हृदयाचा आजार नसतो, गरोदरपणात काही विपरीत घडलेलं नसतं. त्यामुळे ‘आमच्यात असलं काही नाही’ या वाक्याला इथे काही अर्थ उरत नाही.

आता हा दोष नेमका काय ते समजून घ्या, कारण समजलं की प्रश्न विचारायला भीड वाटत नाही. आपल्या हृदयाच्या उजव्या बाजूला शरीरभरातून वापरलेलं, प्राणवायू कमी झालेलं रक्त येतं. ते फुप्फुस धमनीतून फुप्फुसांत जातं, तिथे प्राणवायू घेतं, डाव्या बाजूला परत येतं आणि महाधमनीतून सगळ्या अंगाला पोचतं. टीजीएमध्ये महाधमनी उजव्या कप्प्यातून निघते आणि फुप्फुस धमनी डाव्या कप्प्यातून. परिणाम असा की प्राणवायू नसलेलं रक्त अंगातून हृदयात आणि हृदयातून पुन्हा अंगातच फिरत राहतं. प्राणवायूने भरलेलं रक्त फुप्फुसातून हृदयात आणि हृदयातून पुन्हा फुप्फुसातच. दोन्ही फेरे चालू, पण एकमेकांशी गाठ नाही.

पोटात असताना बाळाला याचा त्रास होत नाही. प्राणवायू वारेतून मिळतो, आणि हृदयात दोन नैसर्गिक वाटा उघड्या असतात: वरच्या दोन कप्प्यांमधलं एक छोटं दार आणि दोन धमन्यांना जोडणारी एक नळी, जिला ‘डक्टस’ म्हणतात. त्यामुळे बाळ छान वाढतं. ठोके चांगले, वजन चांगलं, हालचाल चांगली. जन्मल्यावर रडतंही जोरात. मग नाळ कापली जाते, वारेचा आधार सुटतो, आणि काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ती नळी आपसूक मिटायला लागते. निरोगी बाळात ती मिटायलाच हवी. या बाळात मात्र तिच्याबरोबर रक्त मिसळण्याची वाटच बंद होते.

त्या रात्री तालुक्याच्या ठिकाणी काय घडतं ते मी अनेकदा पाहिलं, ऐकलं आहे. तीन किलोचं बाळ. नर्सच्या लक्षात येतं की ओठ आणि नखं निळसर दिसताहेत. डोक्यावर ऑक्सिजनचा पारदर्शक डबा ठेवतात. बोटाला लावलेल्या यंत्रावर आकडा बासष्ट. ऑक्सिजन वाढवतात. आकडा पासष्ट होतो आणि तिथेच राहतो. ‘पोटातलं पाणी छातीत गेलं असेल’ म्हणून छातीचा एक्स-रे काढतात. फुप्फुसं स्वच्छ. जंतुसंसर्गाच्या शंकेने अँटिबायोटिक सुरू होतं. नवजात बाळाचा टू-डी इको करणारं माणूस तिथे नसतं, सकाळी जिल्ह्याला पाठवायचं ठरतं. जे औषध ती मिटत चाललेली नळी उघडी ठेवू शकतं, ते प्रोस्टाग्लँडिन, गावातल्या कुठल्याच फ्रिजमध्ये नसतं. अ‍ॅम्ब्युलन्स येते, शे-दोनशे किलोमीटरचा घाट-रस्ता, बाळ थंड पडत जातं, रक्तातलं आम्ल वाढत जातं. आमच्याकडे पोचतं तेव्हा काही वेळा शस्त्रक्रियेलायक काही उरलेलं नसतं. बाहेर बाप उभा असतो, हातात सोनोग्राफीची फाईल. ती फाईल मी उघडतो. हृदयाविषयी एकच ओळ असते: ‘फोर चेंबर व्ह्यू नॉर्मल’.

ही ओळ खोटी नसते, हे लक्षात घ्या. टीजीएमध्ये हृदयाचे चार कप्पे खरोखरच नॉर्मल दिसतात. दोष कप्प्यांच्या वर असतो, धमन्या जिथून निघतात तिथे. चार कप्पे पाहून डॉक्टर पुढच्या अवयवाकडे वळले, तर दोष निसटतो. बघायचं असेल तर चार कप्प्यांचं चित्र पडद्यावर आल्यावर प्रोब बाळाच्या डोक्याच्या दिशेने किंचित कलवायचा. निरोगी बाळात डाव्या कप्प्यातून निघालेली महाधमनी आणि उजव्यातून निघालेली फुप्फुस धमनी एकमेकींना तिरकं छेदून जाताना दिसतात. टीजीएमध्ये त्या समांतर धावतात. आणखी थोडं वर सरकलं की तीन रक्तवाहिन्या ओळीत दिसायला हव्यात: सगळ्यात मोठी फुप्फुस धमनी, मधली महाधमनी, सर्वांत लहान वरची महाशिरा. टीजीएच्या बाळात बहुधा तिथे दोनच दिसतात. हे सगळं करायला बाळ नीट वळलेलं असेल तर काही मिनिटं पुरतात. कलर डॉपलरचं बटण दाबलं की प्रवाहाची दिशा लाल-निळ्या रंगात कळते. वेगळं मशीन लागत नाही.

हे काही कालपरवा निघालेलं नाही. प्रसूतीतल्या सोनोग्राफीसाठी मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१३ साली स्पष्ट केलं की हृदयाच्या तपासणीत चार कप्प्यांबरोबर बाहेर निघणाऱ्या धमन्याही पाहायच्या. आपल्याकडेही कित्येक सोनोलॉजिस्ट हे मनापासून करतात. पण सगळीकडे होतं असं नाही. एका दुपारी पन्नास बायका रांगेत असतील तर डॉक्टरांची कितीही इच्छा असली तरी वेळ कमी पडतो. म्हणून विचारणारं माणूस तिथे हवं. प्रश्न विचारला गेला की हात दोन मिनिटं जास्त थांबतो.

विचारायचं कसं, याची अनेकांना धास्ती असते. डॉक्टर रागावतील, ‘तुम्हीच करा सोनोग्राफी’ म्हणतील. नम्रपणे विचारा, पण विचारा. रिपोर्ट हातात आल्यावर त्यात ‘आउटफ्लो ट्रॅक्ट्स’ आणि ‘थ्री व्हेसल व्ह्यू’ हे शब्द आहेत का ते शोधा. घरात इंग्रजी वाचणारं कुणी नसेल तर शाळेतल्या मास्तरांना, कॉलेजात जाणाऱ्या शेजारच्या मुलीला दाखवा. शब्द नसतील तर परत जा आणि विचारा. बाळ पालथं होतं, पाणी कमी होतं, आईच्या पोटावर चरबी जास्त होती म्हणून दिसलं नाही, असं डॉक्टर म्हणाले तर ते कारण खरं असू शकतं. मात्र अशा वेळी एक-दोन आठवड्यांनी पुन्हा तपासणी करून घ्यायलाच हवी. ‘पूर्ण दिसलं नाही’ म्हणजे ‘सगळं नॉर्मल’ नव्हे. माझ्या पाहण्यात कित्येक कुटुंबांनी पहिल्याचा अर्थ दुसरा लावलेला आहे आणि पेढे वाटले आहेत.

ज्या आईला गरोदरपणाआधीपासून मधुमेह आहे, फिटची औषधं चालू आहेत, आधीच्या बाळाला किंवा आईवडिलांपैकी कुणाला जन्मजात हृदयदोष आहे, गर्भ आयव्हीएफने राहिला आहे, किंवा अकराव्या ते तेराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मानेमागचं पाणी जास्त आढळलं आहे, तिने नेहमीच्या स्कॅनवर थांबू नये. बाळाच्या हृदयाचा खास इको, ज्याला ‘फीटल इको’ म्हणतात, करून घ्यावा. मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न झालेल्या मुलींनीही डॉक्टरांना हे नातं आपणहून सांगावं. आपल्याकडे ही लग्नं इतकी सवयीची की सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटत नाही. आणि मघाशी म्हटलं तेच पुन्हा: यातलं काहीही नसलेल्या घरांतच जास्त बाळं सापडतात, म्हणून मोठी सोनोग्राफी प्रत्येकीचीच नीट व्हायला हवी.

आधी कळल्याने खरंच फरक पडतो का, असा प्रश्न कुणीही शहाणा माणूस विचारील. पॅरिसमधल्या डॉक्टरांनी १९९९ साली आपला अनुभव प्रसिद्ध केला. टीजीए असलेली ६८ बाळं अशी होती की ज्यांचं निदान पोटात असतानाच झालं होतं, आणि २५० बाळांचं निदान जन्मानंतर झालं. जन्मानंतर निदान झालेल्यांपैकी १५ बाळं शस्त्रक्रियेपर्यंत पोचण्याआधीच गेली आणि ज्यांची शस्त्रक्रिया झाली त्यांतली आणखी २० नंतर दगावली. आधी निदान झालेल्या ६८ बाळांपैकी एकही गेलं नाही. हे पॅरिस आहे, जिथे हृदयाचं मोठं रुग्णालय हाकेच्या अंतरावर आहे. गडचिरोलीत, नंदुरबारात, सावंतवाडीच्या पलीकडच्या वाड्यांत हाच फरक किती पट होत असेल याचा विचार करा.

आणि उपचार आहे. तोही अर्धशतक जुना आणि रुळलेला. फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ मध्ये दाखवलं की मांडीच्या किंवा नाळेच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेऊन, तिच्या टोकाचा फुगा फुगवून वरच्या दोन कप्प्यांमधलं दार मोठं करता येतं. रक्त मिसळू लागतं, बाळाचा रंग पालटतो. ब्राझीलच्या साओ पाउलोत आदिब जातेने यांनी १९७५ मध्ये दोन्ही धमन्या कापून त्यांच्या खऱ्या जागी बसवण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या काही मिलिमीटर जाडीच्या वाहिन्याही त्यात हलवून शिवाव्या लागतात. आज चांगल्या केंद्रांत या शस्त्रक्रियेनंतर शंभरातली पंचाण्णवहून अधिक बाळं जगतात. उपचार नसते तर यातली निम्मी बाळं पहिला महिना पाहू शकली नसती आणि दहातली नऊ वर्षाच्या आत गेली असती.

या शस्त्रक्रियेला मुदत असते. डावा कप्पा फुप्फुसांच्या हलक्या दाबावर काम करत राहिला की काही आठवड्यांत त्याची ताकद कमी होते आणि मग अंगभर रक्त ढकलणं त्याला झेपत नाही. म्हणून साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ऑपरेशन व्हावं लागतं. ‘बारसं होऊ दे, सव्वा महिना होऊ दे, मग बघू’ असं म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: सव्वा महिन्यानंतर वेळ गेलेली असते.

आता आपल्या घरांतल्या एका रीतीबद्दल बोलायला हवं. पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात ओटी भरायची आणि मुलीला माहेरी न्यायचं. या रीतीत माया आहे, आणि मी तिच्याविरुद्ध एक शब्दही बोलणार नाही. पण पाचव्या महिन्याची सोनोग्राफी पुण्याला किंवा ठाण्याला झालेली असते, फाईल सासरच्या कपाटात राहते, आणि बाळंतपण दोनशे किलोमीटरवरच्या गावी होतं, जिथल्या डॉक्टरांना आधीचं काहीच माहीत नसतं. निदान झालेलं असूनही बाळ चुकीच्या जागी जन्माला येतं. बाळाच्या हृदयाबद्दल कुणी एक शब्द जरी शंकेने बोललं असेल, तर बाळंतपण कुठे करायचं हे आईच्या माहेरावर किंवा सासरावर ठरत नाही. जिथे नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग आणि लहान मुलांचे हृदयतज्ज्ञ आहेत, किंवा निदान तासाभरात पोचता येतील, तिथेच ते व्हायला हवं. मुलीच्या आईने त्या शहरात महिनाभर येऊन राहावं. डिंकाचे लाडू तिथेही करता येतात. अशा बाळाला हलवायचंच असेल तर आईच्या पोटातून हलवणं कुठल्याही अ‍ॅम्ब्युलन्सपेक्षा सुरक्षित आहे. जन्मल्यावर प्रोस्टाग्लँडिन चालू करून न्यायचं म्हटलं तरी त्या औषधाने बाळाचा श्वास मधेच थांबू शकतो, व्हेंटिलेटर आणि जाणकार माणूस गाडीत लागतं.

केवळ या दोषासाठी सिझेरियन करावं लागत नाही, की दिवस भरण्याआधी बाळ बाहेर काढावं लागत नाही. उलट दिवस भरलेलं, चांगल्या वजनाचं बाळ शस्त्रक्रिया जास्त सोसतं. हे मुद्दाम लिहितो, कारण निदान झालं की घरचे घाबरून आठव्या महिन्यातच ‘काढून टाका आणि ऑपरेशन करा’ असा आग्रह धरतात.

निदान ऐकल्यावर घरात जे होतं तेही सांगायला हवं. पहिल्यांदा बोट जातं आईकडे. ग्रहण पाळलं नाही, सुरी हातात धरली, पपई खाल्ली, जिने चढली. सासूबाई म्हणतात, त्यांच्या घरात आधी असं कधी झालं नाही. या दोषाचा आणि ग्रहणाचा, फळाचा, जिन्याचा काडीचा संबंध नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांची मांडणी गर्भ राहिल्यापासून पहिल्या दोन महिन्यांत ठरून जाते. तेव्हा कित्येक बायकांना आपण गरोदर आहोत हे नुकतंच कळलेलं असतं. त्या आईला बोल लावणं थांबवा. तिच्याकडून पुढच्या चार महिन्यांत धीर आणि ताकद दोन्ही हवी आहे.

सोनोग्राफीबद्दल आपल्याकडे आणखी एक सावट आहे. मुलगा-मुलगी कळण्यासाठी तिचा दुरुपयोग झाला, त्याविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला आणि १९९४ मध्ये तो देशभर आला. तो कायदा हवाच. लिंग विचारू नका, कुणी सांगितलं तर तक्रार करा. पण त्याच कायद्यात जन्मजात व्यंग शोधण्यासाठी तपासणी करायला स्पष्ट मुभा आहे. सोनोग्राफी केंद्रात भरून घेतला जाणारा फॉर्म पाहून घाबरून परत जाऊ नका. बाळाच्या हृदयाबद्दल विचारणं हा तुमचा हक्क आहे.

निदान म्हणजे गर्भपात, असाही एक समज आहे, आणि या भीतीपोटी काही कुटुंबं सोनोग्राफीच टाळतात. एकट्या टीजीएचं बाळ दुरुस्त होऊ शकणारं बाळ आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. या आवाहनाचा हेतू ते जगावं हाच आहे. मात्र काही वेळा हृदयात दुरुस्त न होणारे, गुंतागुंतीचे दोष एकत्र सापडतात, तेव्हा आईवडिलांना विचार करायला वेळ मिळायला हवा. २००८ साली मुंबईतल्या एका जोडप्याला बाळाचा गंभीर हृदयदोष विसावा आठवडा उलटल्यावर कळला. तेव्हाच्या कायद्याची मर्यादा ओलांडली गेली होती, उच्च न्यायालयात जावं लागलं आणि परवानगी मिळाली नाही. त्यानंतर देशभर चर्चा झाली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ठरावीक परिस्थितीत ही मर्यादा २४ आठवडे झाली आणि गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाकडे जाता येतं. निर्णय त्या दोघांचा. लवकर कळलं तर तो घाईत आणि कोर्टाच्या पायऱ्यांवर घ्यावा लागत नाही.

पैशांचं म्हणाल तर हातपाय गाळू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हृदयशस्त्रक्रियांचा समावेश आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसलेला असतो, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्याला बाळाच्या जन्माआधीच भेटा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३ पासून जन्मजात हृदयदोषांच्या मुलांना मदत मिळते. नवी मुंबईत खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात मुलांच्या हृदयशस्त्रक्रिया पूर्णपणे मोफत होतात. कागद आधी तयार असले तर बाळ जन्मल्यावर बापाला दाखल्यांसाठी तहसील कचेरीत पळावं लागत नाही.

टीजीएवर मी इतका रेंगाळलो, कारण तिथे आपण सर्वांत जास्त जीव वाचवू शकतो. पण त्याच दोन-चार मिनिटांच्या तपासणीत आणखीही काही दिसू शकतं. महाधमनी एका जागी चिंचोळी असते, डक्टस मिटली की पायांकडचा रक्तपुरवठा तुटतो आणि पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बाळ एकाएकी गळून पडतं; ते जंतुसंसर्गासारखं भासतं. फुप्फुसांकडून येणाऱ्या शिरा भलत्याच जागी उघडतात, आणि हा दोष तर अनुभवी डोळ्यांनाही पोटात असताना चकवतो. त्याहून दुर्मीळ म्हणजे मेंदूच्या खोल शिरेत धमन्या थेट उघडणं, ज्याला ‘व्हेन ऑफ गॅलन’चा दोष म्हणतात. तो मात्र या तपासणीत नव्हे, बहुतेकदा सातव्या-आठव्या महिन्यात दिसतो. मेंदूच्या मधोमध दिसणारी काळी पोकळी पाण्याची गाठ आहे की वेगाने वाहणारं रक्त, हे डॉपलरचा रंग टाकल्याशिवाय कळत नाही. २०२३ च्या मार्चमध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी ३४ आठवड्यांच्या बाळावर आईच्या पोटातच या दोषाचा उपचार केला. म्हणून शेवटच्या तिमाहीतली सोनोग्राफीही ‘आता काय राहिलंय’ म्हणून टाळू नका.

माझ्या सोनोलॉजिस्ट आणि स्त्रीरोगतज्ज्ञ मित्रमैत्रिणींना विनंती आहे. रिपोर्टच्या ठरीव नमुन्यात दोन्ही धमन्यांसाठी स्वतंत्र ओळ ठेवा. दिसलं नाही तर तसं मराठीत, तोंडी, बसवून सांगा आणि पुढची तारीख द्या. शंका आली तर फोन उचला, आम्ही रात्रीही घेतो.

आणि राज्य सरकारकडे मागणी. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात हजारो गरोदर बायका सरकारी दवाखान्यात येतात. तिथून प्रत्येकीची पाचव्या महिन्याची नीट सोनोग्राफी होईल अशी सोय जिल्ह्याजिल्ह्यात करा. केरळने २०१७ मध्ये ‘हृद्यम’ योजना सुरू केली. तिथे हृदयदोषाच्या बाळाची ऑनलाइन नोंद होते, आजार किती तातडीचा हे पाहून क्रम लागतो आणि ठरलेल्या रुग्णालयात खर्च सरकार उचलतं. महाराष्ट्राला हे जमणार नाही असं मानायला मी तयार नाही. ती नोंद आपल्याकडे बाळ पोटात असतानाच सुरू व्हावी. प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या फ्रिजमध्ये प्रोस्टाग्लँडिनच्या काही कुप्या असाव्यात आणि त्यांची मुदत कुणीतरी दर महिन्याला तपासावी.

कितीही काळजी घेतली तरी काही बाळांचं निदान निसटणारच. त्यांच्यासाठी शेवटची चाळणी तुमच्या घरातल्या त्या छोट्या यंत्रासारखीच आहे जे करोनाच्या दिवसांत प्रत्येकाने बोटाला लावलं होतं. मात्र नवजात बाळासाठी त्याचा खास लहान पट्टा लागतो, घरचं यंत्र चालत नाही. दवाखान्यातून घरी जाण्याआधी, जन्मानंतर साधारण २४ तासांनी, बाळाच्या उजव्या हातावर आणि एका पायावर ऑक्सिजन मोजायला सांगा. आकडा ९५ च्या खाली असेल, किंवा हात आणि पाय यांत तीनपेक्षा जास्त फरक असेल, तर पुन्हा मोजायला लावा, आणि तसाच आला तर टू-डी इको झाल्याशिवाय घरी जाऊ नका. ९० च्या खाली असेल तर एक मिनिट थांबू नका. बाळ निळं दिसतंय, ऑक्सिजन लावूनही आकडा हलत नाही आणि छाती मात्र साफ आहे, असं असेल तर ‘उजाडू द्या’ हा सल्ला मानू नका. डॉक्टरांना तिथल्या तिथे विचारा: “हृदयाचं असू शकेल का? प्रोस्टाग्लँडिन कुठे मिळेल? पुढच्या रुग्णालयात आत्ता फोन करता का?” समोरच्या रुग्णालयाने ‘आणा, आम्ही तयार आहोत’ म्हटल्यावर, औषध चालू करून, बाळ उबेत गुंडाळून आणि आईची सोनोग्राफीची फाईल सोबत घेऊन निघा.